नाका कुणाच्या राखणीला?

देवळाली कॅम्पात सध्या एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. निवृत्त फौजी मांडतात, लॅम रोडवरचे दुकानदार मांडतात, आणि नवल म्हणजे भगूर-लहवितकडचे शेतकरीही मांडतात. मत असे : खुला व्यापार ही श्रीमंत देशांनी आपल्या गळ्यात मारलेली गोष्ट आहे, इंग्रज याच वाटेने आले, १९९१ नंतर शेतकरी यानेच मेला, आता तर खुद्द अमेरिकेनेच त्याला तिलांजली दिली, तेव्हा आपणही दार लावून घ्यावे, आपले आपण पिकवावे आणि आपले आपण खावे. बोलणाऱ्यांची देशभक्ती खरी आहे, शेतकऱ्याविषयीची कळकळही खरी आहे. निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे पाहायला लंडन-वॉशिंग्टनपर्यंत जायची गरज नाही. आपल्याच रेल्वे स्थानकापासून सुरुवात करू.

७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला सुटली. सुमारे दीड हजार किलोमीटरचे अंतर बत्तीस तासांच्या आत कापायचे, म्हणजे फळे-भाजीपाला वाटेत सडणार नाही, अशी योजना. पुढे भाड्यात निम्मी सवलतही मिळाली. त्याच्या दोन महिने आधी, ५ जूनला, केंद्र सरकारने वटहुकूम काढून कांदा, बटाटा, डाळी, तेलबिया अशा मालावरची साठ्याची बंधने अपवादात्मक परिस्थितीपुरती ठेवली होती. नाशिकच्या शेतकऱ्याला वाटावे, आता बाजार आपला झाला. १४ सप्टेंबरला त्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. दुसऱ्याच दिवशी साठ्याची बंधने सैल करणारे विधेयक लोकसभेत मंजूर झाले. आणि त्याचा कायदा होऊन महिना उलटायच्या आत, २३ ऑक्टोबरला, घाऊक व्यापाऱ्याने २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याने २ टनांहून जास्त कांदा ठेवू नये असा हुकूम निघाला. २५ टन म्हणजे एक मोठा ट्रक. लासलगाव-पिंपळगावच्या खळ्यांवर मोठा व्यापारी एका दिवसात याहून अधिक माल घेतो. व्यापाऱ्यांनी लिलावात उतरायचे थांबवले आणि बाजार समित्या काही दिवस ओस पडल्या.

म्हणजे देवळालीचा माल दानापूरला पोचावा म्हणून सरकार निम्मे भाडे भरत होते, आणि तोच माल न्हावा-शेवा बंदरातून दुबईला जाऊ नये म्हणून अधिसूचना काढत होते. याला खुला व्यापार म्हणायचे असेल तर शब्दांना काही अर्थच उरत नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्याने खुला व्यापार पाहिलेलाच नाही. त्याने पाहिला आहे तो दुसऱ्याच्या हातातला नाका, भाव चढला की पडणारा आणि भाव पडला की उचलला जाणारा. त्या नाक्याने केलेल्या नुकसानीचे खापर खुल्या व्यापारावर फोडणे, हीच या सगळ्या वादातली मूळ चूक आहे.

२०२० ची गोष्ट अपवाद असेल असे कुणाला वाटले, तर पुढची यादी पाहावी. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पूर्ण बंदी, आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत, मग बेमुदत. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम. नाशिक आणि दिंडोरीचे मतदान २० मे रोजी होते, हे इथे आठवावे. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य रद्द झाले, शुल्क २० टक्क्यांवर आले. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ ला संपले. पावणेदोन वर्षांत नियम इतक्या वेळा फिरला. तीन महिन्यांनी काढायच्या पिकाची लागवड आज करणाऱ्याने यातला कोणता नियम धरून चालायचे?

यातली डिसेंबरची बंदी किती क्रूर होती हे शहरात कळत नाही. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो. त्यालाही घट लागते, कोंब फुटतात, पण निदान थांबता येते. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. त्याला पाणी जास्त आणि टिकवण नाही. काढला की विकावाच लागतो. त्या वेळी बंदी आली आणि काही आठवड्यांत लासलगावचा भाव निम्म्याखाली गेला. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला, ११ डिसेंबरला तिथेच शरद पवारांची सभा झाली. भाषणे झाली, निवेदने दिली गेली, आणि कांदा मिळेल त्या भावाला गेला.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेऊ. कांदा गरिबाच्या ताटातला आहे. तो शंभर रुपये किलो झाला तर मजुराने काय खायचे? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून त्याचा हिशेबच मांडू. पाच माणसांचे घर महिन्याला पाच किलो कांदा खाते असे धरू. भाव किलोला तीस रुपयांनी वाढला, तर घरावर महिन्याला दीडशे रुपयांचा बोजा पडतो. मजुराला तो जाणवतो, हे खरे. दुसऱ्या बाजूला एकरी ऐंशी क्विंटल काढणारा शेतकरी धरू. बंदीमुळे क्विंटलमागे दोन हजार रुपये पडले, तर एका एकरात त्याचे एक लाख साठ हजार रुपये गेले. त्यातून बियाणे, मजुरी, औषधे आणि सोसायटीचे कर्ज फेडायचे असते. मजुराला दीडशे रुपये द्यायचेच असतील तर सरकारने तिजोरीतून द्यावेत. रेशनकार्ड आहे, बँक खाते आहे, स्वस्त विक्रीसाठी नाफेडने साठवलेला कांदाही आहे. पण गरिबाला मदत करायचा खर्च सगळ्या देशाने उचलायच्या ऐवजी निफाड, येवला, चांदवडच्या दोन-चार एकरवाल्याने एकट्याने का उचलायचा? आणि या स्वस्ताईचा फायदा मजुराइतकाच मलबार हिलवरच्या स्वयंपाकघरालाही मिळतो, त्याचे काय?

यावर उत्तर येते, की बाजार खुला असतानाही कांदा मातीमोल होतोच. होतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्यातबंदी नव्हती, तरी सोलापूरच्या बाजारात पाच क्विंटलहून अधिक कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडला. बाजार कुणाला कायमचा चांगला भाव देत नाही. उदारमतवादी माणसाने तसे वचन देऊही नये. पण ज्याने तो दोन रुपयांचा चेक सोसला, त्याला डिसेंबरातला क्विंटलमागे चार हजारांचा भाव का मिळू द्यायचा नाही? शेती हा चढउताराचा धंदा आहे, आणि एका हंगामाचा तोटा दुसऱ्या हंगामाच्या नफ्याने भरून काढायचा असतो. आपण असा बंदोबस्त केला आहे की पडता भाव शेतकऱ्याचा आणि चढता भाव सरकारचा. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राज्य सरकारने क्विंटलला साडेतीनशे रुपये अनुदान जाहीर केले होते. आधी साडेतीनशे द्यायचे आणि नऊ महिन्यांनी हजारोंनी काढून घ्यायचे. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा नेमकी याच व्यवहारावर बोट ठेवते.

ही घोषणा ज्यांनी घरोघरी नेली त्या शरद जोशींचे नाव घेतल्याशिवाय नाशिक जिल्ह्यात हा वाद पुरा होत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नची टपाल संघटनेची नोकरी सोडून ते सत्तरच्या दशकात परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतली आणि चाकणच्या कांद्यापासून लढा सुरू केला. १९८० च्या नोव्हेंबरात कांदा-उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यातले रस्ते आणि रेल्वे अडल्या. खेरवाडी स्थानकावर गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. हाच माणूस नव्वदीत, शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या गॅटच्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूने उभा राहिला, तेव्हा डाव्या आणि उजव्या दोघांनीही त्यांना देशद्रोही ठरवायचे बाकी ठेवले होते. त्यांचे म्हणणे साधे होते. युरोप-अमेरिकेत सरकार शेतकऱ्याला अनुदान देते. भारतात सरकार निर्बंध घालून शेतकऱ्याकडून उलट वसूल करते. गॅटच्या करारासाठी भारताने स्वतः सादर केलेल्या आकड्यांतही पिकांना मिळणारे संरक्षण उणे निघाले होते. ज्याला सरकारनेच लुटले त्याने सरकारी संरक्षणाला घट्ट धरून ठेवावे, हे जोशींना कधी पटले नाही. मलाही पटत नाही.

‘इंग्रज खुल्या व्यापाराने आले आणि आपण बुडालो’ हा दुसरा मुद्दा. इंग्रज आले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या रूपाने, आणि ती कंपनी म्हणजे मक्तेदारीची सनद होती. इतर इंग्रज व्यापाऱ्यांनाही भारताशी व्यापार करायला १८१३ पर्यंत बंदी होती. भारतीय छापील कापड इंग्लंडमध्ये इतके खपू लागले की तिथल्या विणकरांच्या दबावाखाली १७०० साली त्याच्या आयातीवर आणि १७२१ साली त्याच्या वापरावरच कायद्याने बंदी आली. आणि मुंबईच्या गिरण्या मँचेस्टरला स्पर्धा करू लागल्या, तेव्हा १८९६ साली भारतातल्या गिरणी कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवण्यात आली. ती कायमची हटायला १९२६ उजाडले. आपले नुकसान कुणी केले, याचे उत्तर या तारखांतच आहे : मक्तेदारीने, बंदीने आणि एकतर्फी कराने. म्हणजे ज्या हत्याराने इंग्रजाने आपल्या विणकराला मारले, तेच हत्यार आपण आपल्या कांदावाल्यावर चालवतो आणि त्याला इंग्रजांपासून घेतलेला धडा म्हणतो.

इथे कुणी न्यायमूर्ती रानड्यांचा दाखला देईल, आणि तो दाखला हलका नाही. काही काळ नाशिकला न्यायाधीश राहिलेल्या रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात स्पष्ट सांगितले, की इंग्लंडात लिहिलेले अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना सरसकट लागू करता येत नाहीत, आणि मागास देशात उद्योगांना सरकारने हात द्यायला हवा. भारत नुसता कच्चा माल पाठवणारा देश झाला, याचे त्यांना दुःख होते. पण त्यावरचा त्यांचा उपाय होता कारखानदारी, भांडवल, पतपुरवठा वाढवण्याचा. शेतकऱ्याचे हात बांधून कारखाने उभे राहतील, असा हिशेब त्यांनी मांडलेला नाही. सरकारने हात द्यावा आणि सरकारने हात धरून ठेवावा, या दोन गोष्टी एक नाहीत.

सावरकरांचे जन्मगाव भगूर कॅम्पाला लागूनच आहे, त्यामुळे इथे स्वदेशीची गोष्ट निघाली की सावरकर आणि १९०५ ची पुण्यातली परदेशी कपड्यांची होळी निघतेच. त्या होळीबद्दल खुल्या व्यापाराच्या समर्थकाचा काडीचाही आक्षेप असू नये. लोकांनी आपल्या पैशाने घेतलेले कपडे आपल्या हाताने जाळले. हा त्यांच्या स्वातंत्र्याचा वापर होता. आजही कुणी परदेशी मोबाइल घेणार नाही म्हणत असेल तर त्याच्या निश्चयाला नमस्कार. पण स्वतःचे कपडे स्वतः जाळणे वेगळे आणि दुसऱ्याचा कांदा त्याला हव्या त्या गिऱ्हाइकाला विकू न देणे वेगळे. पहिल्यात त्याग आपला असतो. दुसऱ्यात त्याग दुसऱ्याचा आणि देशभक्तीचे श्रेय आपले.

आता १९९१. त्या वर्षी परकीय चलन इतके आटले होते की रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण टाकावे लागले. स्वावलंबनाच्या चार दशकांचा शेवट सोने गहाण टाकण्यात झाला. त्या काळात बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, कारण किती स्कूटर काढायच्या हे आकुर्डीचा कारखाना ठरवत नव्हता, दिल्लीचा परवाना ठरवत होता. पुढे १९९३ मध्ये ‘बॉम्बे क्लब’ म्हणून ओळखल्या गेलेल्या उद्योगपतींनी परदेशी स्पर्धेपासून सवड मागितली, आणि राहुल बजाज त्यात अग्रभागी होते. सवड फारशी मिळाली नाही. आज त्याच बजाजच्या गाड्या सत्तरहून अधिक देशांत विकल्या जातात. स्पर्धेने बुडतील अशी भीती ज्यांना सगळ्यात जास्त होती, त्यांनाच स्पर्धेने जगभर नेले. १९९०-९१ मध्ये भारताची मालनिर्यात १८ अब्ज डॉलरच्या आसपास होती. २०२२-२३ मध्ये ती ४५१ अब्ज झाली. तेंडुलकर समितीच्या मोजणीनुसार १९९३-९४ मध्ये ४५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, २०११-१२ मध्ये २२ टक्के. यातले श्रेय एकट्या व्यापाराचे नाही, रस्ते-शाळा-सरकारी योजनांचेही आहे. पण बंद दाराआड हे घडले नव्हते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

मग शेतकरी का मेला? कारण १९९१ कारखान्यापर्यंत पोचले, बांधापर्यंत पोचलेच नाही. परवाना राज्य सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून उठले. शेतमालावर १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा तसाच राहिला. तो घटनेच्या नवव्या परिशिष्टात घातलेला असल्यामुळे न्यायालयात आव्हान देणेही अवघड. २०२० च्या दुरुस्तीने त्याला थोडी वेसण घातली होती. पुढे ती दुरुस्ती ज्यांत होती ते तीनही कृषी कायदे मागे घेतले गेले तेव्हा तीही गेली. डिसेंबर २०२१ मध्ये हरभरा, सोयाबीन, गव्हासह सात शेतमालांचे वायदे व्यवहार थांबवले गेले, म्हणजे पुढचा भाव काय असेल याचा अंदाज घेण्याचे साधनही शेतकऱ्याकडून काढून घेतले. किसानपुत्र आंदोलनासारखे लोक शेतकऱ्याला अडवणारे असे कायदेच रद्द करा म्हणून वर्षानुवर्षे सांगत आहेत. दोन अर्थव्यवस्था शेजारी शेजारी चालवायच्या, एकीला मोकळीक आणि दुसरीला बेड्या, आणि दुसरी मागे पडली की मोकळिकीला दोष द्यायचा, याला तर्क म्हणत नाहीत.

हाच फरक शेतीच्या आतही दिसतो. द्राक्ष आणि कांदा एकाच निफाड तालुक्यात पिकतात, बऱ्याचदा एकाच घरात. द्राक्षाची निर्यात सरकार अशी वरचेवर बंद करत नाही. १९९१ मध्ये महाग्रेप्स ही द्राक्ष उत्पादकांची संस्था उभी राहिली, युरोपच्या गिऱ्हाइकाला काय हवे ते शेतकरी शिकला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशामुळे युरोपने माल नाकारला, तेव्हा मोठा फटका बसला. पण त्यातून अवशेष तपासणी आणि बागेपर्यंत माग काढण्याची पद्धत अधिक घट्ट झाली. दिंडोरीतल्या मोहाडीला ‘सह्याद्री फार्म्स’सारखी शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली. कांद्याला असे काही झाले नाही. द्राक्ष भांडवलाचे पीक आहे आणि कांदा लहान शेतकऱ्याचे, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही, हे मला मान्य आहे. तरी प्रश्न उरतोच : उद्या २५ टनांची मर्यादा येऊ शकते हे माहीत असताना कांद्यासाठी हजार टनांचे शीतगृह कोण बांधील? परदेशातला गिऱ्हाईकही इतका भाबडा नसतो. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या होत्या, की मी आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे, आणि आधी कळवले असते तर बरे झाले असते. सभागृह हसले. बांगलादेशाने मात्र आपला कांदा वाढवायचे मनावर घेतले. गेलेले गिऱ्हाईक अधिसूचना मागे घेतल्याने परत येत नाही.

नाका बसला की दुसरी एक व्याधी लागते : किल्ली कुणाकडे, याचा बाजार भरतो. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्राचा कांदा अडलेला असताना गुजरातमधला दोन हजार टन पांढरा कांदा बाहेर पाठवायला परवानगी मिळाली. इथे संताप उसळला, तेव्हा सहा देशांना ९९,१५० टन पाठवण्याची परवानगी असल्याचे जाहीर झाले, तेही ठरावीक सरकारी मार्गाने. सगळ्यांना सारखा नियम असता तर ‘गुजरातला का आणि आम्हाला का नाही’ हा प्रश्नच निघाला नसता. कॅम्पातल्या माणसाला हे जास्त सांगायला नको. ओल्ड ग्रँटच्या बंगल्यात इमारत आपली आणि जमीन सरकारची, त्यामुळे छप्पर बदलायलाही कुणाची तरी सही लागते. सही मिळेपर्यंत बंगला पावसाळे मोजत बसतो. उदारमतवाद म्हणजे आणखी काही अवघड नाही. सही ज्याच्या हातात, त्याचे हात कायद्याने बांधा, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

फौजी मित्रांचा मुद्दा वेगळा आणि वजनदार आहे : तोफा तरी आपल्याच हव्यात. हव्यातच. संपत्तीपेक्षा संरक्षण मोठे, हे ॲडम स्मिथनेही १७७६ मध्ये लिहून ठेवले आहे. पण आपल्या हाती त्या कशा आल्या ते पाहा. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळालीलाच ‘के-९ वज्र’ आणि ‘एम-७७७’ या तोफा सैन्यात दाखल झाल्या. दुसरी अमेरिकेची. पहिलीचे तंत्र कोरियाच्या कंपनीचे, आणि शंभरांतल्या नव्वद तोफा बांधल्या लार्सन अँड टुब्रोने, गुजरातमधल्या हजिऱ्याला. २००१ पर्यंत खासगी कंपनीला शस्त्रनिर्मितीत शिरायलाच मनाई होती. दार उघडले, परदेशी तंत्र आले, खासगी कारखान्यात स्पर्धा झाली, आणि मग आपली तोफ आपण बांधली. तोफखान्याच्या गावाला यापेक्षा जवळचा पुरावा कुठला द्यायचा?

राहिली अमेरिका. २०२५ च्या ऑगस्टअखेर तिने बऱ्याच भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयात कर लावला, हे खरे. पण असा कर भरतो अमेरिकेतला आयातदार, आणि त्याचा मोठा वाटा शेवटी तिथल्या गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो. शेजाऱ्याने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला म्हणून आपणही धोंडा शोधायचा का?

आता मी स्वतःला एक अवघड प्रश्न विचारतो, कारण तो टाळणारे समर्थक खूप आहेत. निर्यात मोकळी हवी, तर आयातही मोकळी सोसणार का? मे २०२१ पासून तुरीची आयात खुली झाली तेव्हा मराठवाड्याचा शेतकरी चिडला. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचा ११ टक्के आयात कर काढला तेव्हा विदर्भाचा चिडला. चिडणे रास्त होते, कारण कुणाचा साठा, कुणाचे वायदे, कुणाचे बियाण्याचे तंत्र अडवून आयात तेवढी मोकळी केली होती. माझे उत्तर असे : हो, आयातही सोसावी लागेल, पण दोन्ही दारे एकदम उघडावीत आणि कर बदलायचा तर हंगामाआधी जाहीर करून बदलावा. एकच दार उघडणाऱ्याला बाजारवादी म्हणू नये. तो भाव पाडणारा असतो, इतकेच.

शेवटचा पुरावा घराजवळचा. २०१३ पर्यंत नाशिकच्या वेशीवर जकात नाके होते. ट्रकांच्या रांगा, पावत्या, चिरीमिरी, नाका चुकवणाऱ्या आडवाटा, सगळे आपण पाहिले आहे. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तो गेला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. आज कॅम्पातल्या दुकानदारांच्या रक्षणासाठी कॅम्पाच्या वेशीवर पुन्हा नाका बसवा, अशी मागणी कुणी करत नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे की कॅम्प वाढला तो बाहेरून आलेल्यांमुळे आणि बाहेर जाणाऱ्या मालामुळे. हवापालटाला आलेल्या पारशी-गुजराती कुटुंबांनी बंगले आणि आरोग्यधाम बांधले, फाळणीनंतर रिकाम्या हाताने आलेल्या सिंधी कुटुंबांनी दुकाने थाटली, भगूरच्या भाजीला मुंबईचे गिऱ्हाईक मिळाले. जो नाका नाशिकच्या वेशीवर खुळचट वाटतो, तो न्हावा-शेव्याला बसवला की राष्ट्रहित कसा होतो, हे मला अजून कुणी समजावलेले नाही.

तरीही ज्यांना निर्यातबंदी कधी तरी लागेलच असे वाटते, त्यांच्यापुढे एक अट ठेवतो. असा कायदा करा, की बंदी, किमान निर्यात मूल्य किंवा निर्यात शुल्क लावण्याच्या दिवशीचा लासलगावचा सरासरी भाव आणि त्यानंतर शेतकऱ्याला मिळालेला भाव यातला फरक केंद्र सरकारने त्याच्या खात्यात तीस दिवसांत जमा केला पाहिजे. तरतूद अर्थसंकल्पात दाखवायची, संसदेत मंजूर करून घ्यायची, आणि बंदी वाढवायची तर पुन्हा मंजुरी घ्यायची. शहरी गिऱ्हाइकाचे हित खरेच राष्ट्रहित असेल, तर राष्ट्राला तो खर्च जड जाऊ नये. आणि तो खर्च करायला कुठलाही अर्थमंत्री तयार होणार नसेल, तर बंदी फुकटची नव्हती, तिचे पैसे आजवर कांदावाला भरत आला, हे तरी सरकारने उघडपणे मान्य करावे.